खुब्याच्या ऑपरेशननंतर एकटीने अंघोळ: सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

खालच्या प्रकरणातली व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः आणि न पडता करता यावीत, यासाठी माणूस, काम आणि घर या तिन्ही बाजूंनी मार्ग काढणं हे माझं काम.

बाई ७६ वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते. सांगलीच्या जुन्या वस्तीत त्यांचं स्वतःचं बैठं घर आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर, आणि मागे परसात संडास. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्यात, मुलगी बेळगावात. रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बाकी बाई स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या.

जुलैतल्या एका रात्री तीनच्या सुमारास लघवीला उठल्या आणि परसात पडल्या. पाऊस चालू होता. साडेपाचला दूधवाल्याने हाका मारल्या, उत्तर आलं नाही म्हणून शेजारी मागच्या बाजूने आत आले, तोवर त्या तिथेच होत्या. डाव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. मिरजेत ऑपरेशन होऊन सांध्याचा गोळा बदलला. आठवड्याभराने वॉकर घेऊन घरी आल्या, आणि त्या संध्याकाळपासूनच मुलांची चर्चा सुरू झाली: आईला पुण्याला न्यायचं, की ब्युरोकडून चोवीस तासांची बाई ठेवायची?

मला बोलावलं मुलीने. तिचा प्रश्न होता, "आईला अंघोळ कोण घालणार?" बाई कॉटवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "घालायला मी काय तान्ही आहे?"

पडण्याचं कारण

घरातले सगळे एकच सांगत होते, वय झालं, तोल गेला. हे उत्तर मला पटत नाही, कारण त्यातून करण्यासारखं काहीच निघत नाही. त्यामुळे पहिली बैठक आम्ही त्या रात्रीवरच खर्च केली. गोळ्यांचा डबा आणायला सांगितला, बाईंना कॉटपासून परसाच्या दारापर्यंत वॉकरने नेलं, आणि रात्री काय काय झालं ते क्रमाने विचारलं.

रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं आणि ती गोळी त्या रात्री जेवणानंतर घेत. साहजिकच दोन-तीनदा उठावं लागे. झोपेची अर्धी गोळी कित्येक वर्षं चालू होती, म्हणजे उठायचं ते गुंगीत. कॉटवरून उठल्या की थेट चालायला लागत. मी निजलेल्या स्थितीत रक्तदाब मोजला तो १३८ वर ८०, आणि उभं राहिल्यावर मिनिटाभरात ११२ वर ७०. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती डॉक्टरांना कळवायची गोष्ट असते. इथे वरचा २६ ने उतरला होता. त्या रात्री वीज गेलेली. माजघरातून परसात उतरायला एकच पायरी, पण चांगली वीतभर उंच. डोळ्याला दुहेरी भिंगाचा चष्मा, ज्याच्या खालच्या भिंगातून जवळचं वाचता येतं पण पायाखालची पायरी अंधुक दिसते. अंगात घोट्याच्या खाली लोळणारा गाऊन. पायात झिजलेली रबरी चप्पल, आणि पावसाने शेवाळलेली शहाबादी फरशी.

एवढ्या गोष्टी एकत्र आल्या तर चाळिशीचा माणूसही पडेल. आणि यातली एकही गोष्ट चोवीस तासांची बाई ठेवून बदलणार नव्हती. ती माजघरात झोपली असती आणि बाई तिला उठवायला नको म्हणून हळूच एकट्याच गेल्या असत्या. हे असंच होतं. मी अनेक घरांत पाहिलंय.

रक्तदाबाचे आकडे आणि गोळ्यांची यादी मुलीने त्यांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली आणि झोपेच्या औषधाचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवत नेला. ते एकदम तोडायचं नसतं, कुणी परस्पर तर मुळीच नाही. हाडांच्या ठिसूळपणाचं औषध ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सुरू केलं होतं, पण ती चिठ्ठी डिस्चार्जच्या फाइलमध्येच राहून गेलेली सापडली. आधी तेवढं मार्गी लावलं.

न्हाणीघर

रोजच्या कामांत माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजायला आम्ही बार्थेल इंडेक्स वापरतो. शंभरपैकी गुण असतात आणि त्यात अंघोळीला फक्त पाच. पण घरातल्या माणसांना विचारा, सगळ्यात मोठी धास्ती अंघोळीचीच असते. ती खरीही आहे. ओलं अंग, ओली जमीन, साबण, वाकणं, वळणं, एका पायावर भार घेणं, गरम पाणी, बंद दार, आणि अंगावर कपडा नाही म्हणून हाक मारायचा संकोच, हे सगळं एकाच कामात येतं. म्हातारपणी स्वावलंबन सुटत जातं तेव्हा बहुधा अंघोळच आधी सुटते आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी. म्हणून मी अंघोळीपाशी जास्त वेळ थांबते.

बाईंचं न्हाणीघर दीड मीटर बाय सव्वा मीटर. बसायला टीचभर उंचीचा पाट, समोर बादली, दाराला आतून कडी, भिंतीवर गॅस गिझर आणि एक हातभर खिडकी, जी थंडी-पावसात बंद.

आधी गिझर. बंद जागेत गॅस गिझर पेटला की ज्वलनाला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसतं गरगरतं, डोकं जड होतं, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आला. यात दरवर्षी माणसं दगावतात, तरुणसुद्धा. गिझर परसाच्या बाजूला बाहेरच्या भिंतीवर पत्र्याखाली हलवला, पाणी नळीने आत घेतलं. बदली म्हणून बादलीत वीजेचा रॉड टाकायची सूचना आली होती, ती मी तिथल्या तिथे फेटाळली. ओल्या हाताचं आणि कमी दिसणाऱ्या डोळ्यांचं माणूस घरात एकटं असेल, तर तो रॉड घरात असूच नये.

पाण्याबद्दल एकच नियम ठरला: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. वयस्कर माणसाची त्वचा पातळ होते आणि चटका उशिरा जाणवतो. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत पोळतं.

मग बसण्याची जागा. असं ऑपरेशन झाल्यावर खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, हे बाईंना पाठ होतं. पण पाटावर बसलं की हे तिन्ही मोडतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, म्हणून ती सोप्यात नेली. रबरी बूच असलेलं, उंची बदलता येणारं ॲल्युमिनियमचं स्टूल मिरजेच्या सर्जिकल दुकानात मिळालं. बाईंच्या गुडघ्यामागची घडी जमिनीपासून ४३ सेंटीमीटरवर होती, म्हणून स्टूल ४८ वर लावलं. बादली फरशीवरून उचलून सिमेंटच्या ओट्यावर घेतली, म्हणजे तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही.

धरायच्या दांड्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. घर जुनं, भिंत विटा आणि चुन्याची. पहिल्या खेपेला प्लंबरने नेहमीचे प्लग ठोकून दांडी बसवली. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली तर एका बाजूने भुगा पडायला लागला. असली दांडी नसलेलीच बरी, कारण तिच्या भरवशावर माणूस भार टाकतो. टॉवेलचा रॉड, व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या मुठी, नळ, यांना मी आधार म्हणत नाही. शेवटी गवंड्याने भिंतीच्या पलीकडे लोखंडी पट्टी ठेवून आरपार बोल्ट घातले. दांडी स्टीलची, मुठीत पूर्ण बसेल एवढ्या जाडीची, खरबरीत, भिंतीपासून ४ सेंटीमीटर सुटी. त्याहून जास्त अंतर सोडलं तर हात मधून आत सरकतो आणि मनगट अडकतं. एक दांडी दारापाशी उभी, एक स्टुलाच्या उजव्या हाताला आडवी. उंची पुस्तकातून घेतली नाही. बाईंना कोरड्या स्टुलावर बसवलं, उठायला सांगितलं, आणि हात आपसूक जिथे गेला तिथे खडूने खूण केली. बसवून झाल्यावर मुलगा आपला सगळा भार टाकून लटकला, आणि मगच ते काम पूर्ण झालं असं धरलं.

दाराची आतली कडी काढली. दार आत उघडणारं होतं, ते बाहेर उघडेल असं फिरवून बसवलं. आत पडलेलं माणूस दाराला टेकलं तर आत उघडणारं दार कुणालाच ढकलता येत नाही, म्हणून. आडोशाला जाड पडदा लावला.

कोरडी तालीम

जखम सुकून पाण्याची परवानगी मिळाली, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही अंघोळीची तालीम केली. अंगावर पूर्ण कपडे, पाण्याचा थेंब नाही. वॉकर दारात उभा. उजवा हात उभ्या दांडीवर. पाठ स्टुलाकडे. मांडीला मागे स्टूल लागल्याशिवाय बसायचं नाही. बसताना डावा पाय किंचित पुढे. टॉवेल आणि कपडे आधीच उजव्या खुंटीवर, हात न ताणता पोहोचतील असे.

या तालमीतच कळलं की साबण निसटला तर बाई तो उचलायला सवयीने वाकणार. तो जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला. पाठीसाठी वाळलेल्या घोसाळ्याच्या घासणीला दोन्ही टोकांना नाड्या शिवल्या, पावलांसाठी लांब दांड्याचा ब्रश आणला. पाय पुसायला वाकायचं नाही. जुना टर्किश टॉवेल खाली पसरायचा आणि बसल्या बसल्या त्यावर पावलं घासायची.

मग वेळेचा प्रश्न आला. बाईंची अंघोळ पहाटे साडेपाचला, कारण अंघोळीशिवाय देवापुढे दिवा लागत नाही. मदतीला येणाऱ्या मावशी आठला येणार. मुलगा म्हणाला, "आई, देव काही रागवत नाही." बाई गप्प झाल्या. ते गप्प होणं मला महत्त्वाचं वाटलं. पहाटेचा दिवा हे त्यांच्या दिवसाचं कुलूप उघडणं होतं, ते काढून घेतलं असतं तर आमची बाकीची सगळी व्यवस्था त्यांनी परकी म्हणून मोडीत काढली असती. मी त्यांनाच विचारलं, काय चालेल? त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं: पहाटे हातपाय-तोंड धुऊन, धूतवस्त्र नेसून दिवा लावायचा, आणि आठला मावशी आल्या की अंघोळ करून पूजा. तोडगा त्यांचा होता म्हणून टिकला.

मावशी न्हाणीघरात जात नाहीत. त्या स्वयंपाकघरात असतात आणि पडद्याआड बाई मोठ्याने पाढे म्हणतात. आवाज चालू आहे तोवर मावशींनी आत डोकावायचं नाही, थांबला की हाक मारायची, उत्तर नाही आलं तर आत जायचं. एकोणतीसपर्यंत पाढे होतात तोवर अंघोळ उरकते.

केस धुणं आणि पायाची नखं कापणं या दोन गोष्टी मात्र बाईंनी आपणहून मावशींकडे दिल्या. मान मागे टाकली की गरगरतं आणि पायापर्यंत हात पोहोचत नाही, हे त्यांनीच तालमीत ओळखलं होतं.

संडास आणि रात्र

परसातला संडास भारतीय पद्धतीचा होता, म्हणजे उकिडवं बसणं आलं. माजघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत कमोड बसवायचा ठरला. ड्रेनेजची लाइन ओढायला महिना गेला. कमोडची उंची नेहमीची, चाळीस सेंटीमीटरच्या आसपास; त्यावर दहा सेंटीमीटरचा उंचवटा लावला. पाण्याचा जेट पाठीमागे नको, उजव्या हाताला पुढे हवा, हे प्लंबरला दोनदा सांगावं लागलं. तो मागे असला की त्यासाठी कंबर पिळते, आणि ऑपरेशनच्या खुब्याला नेमकं तेच चालत नाही.

त्या महिन्यात रात्रीपुरती कमोड खुर्ची वापरली. इथे अडचण झाली. घाण काढायला दुसऱ्याला लागणार, या संकोचाने बाईंनी दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद केलं. कुणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या संध्याकाळी असंबद्ध बोलायला लागल्या, मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. वयस्कर माणसात ताप यायच्या आधी असा गोंधळ दिसू शकतो, हे घरच्यांना माहीत नसतं आणि मग स्मृतिभ्रंशाची भीती पसरते. औषधाने चार दिवसांत निवळलं. त्यानंतर खुर्चीच्या भांड्याला घट्ट झाकण आणलं, मावशींना त्या कामाचे वेगळे पैसे ठरवून दिले, आणि त्यानंतर बाईंचा संकोच बराच उतरला. फुकट उपकार घेणं त्यांना जड जात होतं, कष्टाचा मोबदला देणं नाही. पाणी आता सकाळी आणि दुपारी भरपूर, संध्याकाळी सातनंतर घोटभर.

रात्री उठताना: आधी कॉटच्या कडेला बसायचं, पाय खालीवर हलवायचे, वीसपर्यंत मोजायचं, मग उभं राहायचं, उभं राहून पुन्हा थोडं थांबायचं. कॉटपासून कोठीपर्यंत माणूस हलला की लागणारे छोटे दिवे, वीज गेली तरी चालणारे. उंबरठ्याच्या कडेला पिवळी पट्टी. गाऊन घोट्याच्या वर दुमडून शिवला. साडीच्या बाबतीत बाई हटून बसल्या आणि मीही विरोध केला नाही. सुती साडी, जरा उंच नेसलेली, परकर डोक्यातून घालायचा, पाय टाकून नाही. निऱ्या बसून घालता येतात, उभं राहून खोचायच्या तेवढ्या, पाठ भिंतीला टेकवून.

हाक कुणाला

मुलाला घरभर कॅमेरे हवे होते. त्याची काळजी मला कळते; अडीच तास आई पावसात पडून होती ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. जमिनीवर असं बराच वेळ पडून राहणं हा खुद्द पडण्याइतकाच मोठा धोका असतो, शरीर गारठतं, पाणी कमी होतं, दाबाखालची त्वचा आणि स्नायू खराब होतात. पण कॅमेऱ्यात दिसेपर्यंत कुणी पाहत बसलेलं असायला हवं, आणि पाहणारा पुण्यात. बाई म्हणाल्या, "मला बघायचं असलं तर ये की."

त्याऐवजी दुकानात दोन-चारशे रुपयांत मिळणारी बिनतारी घंटा घेतली. एक बटण बाईंच्या गळ्यात, एक न्हाणीघरात आणि एक कोठीत, ही दोन्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोहोचतो. घंटा शेजारच्या घरात. सकाळी सातपर्यंत बाईंची रस्त्याकडची खिडकी उघडलेली दिसली नाही तर शेजारच्या वहिनींनी दार ठोठवायचं. किल्ली त्यांच्याकडे असते. फोनवर मोठ्या अक्षरांत तीन नंबर, आणि भिंतीवर १०८.

तिसऱ्या महिन्यात, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, जमिनीवरून उठायचा सराव घेतला: कुशीवर वळणं, कोपरावर येणं, हातगुडघ्यांवर रांगत कॉटपर्यंत जाणं, धरून उठणं. गाद्या टाकून. ऑक्टोबरात कॉटच्या कडेवरून घसरून बाई खाली बसल्या, लागलं नाही. त्यांनी घंटा वाजवली, आणि वहिनी येईपर्यंत त्या कॉटला धरून गुडघ्यावर उभ्या होत्या.

खर्च, आणि एक तक्रार

कोठीतला संडास सोडला तर सगळं मिळून चोवीस तासांच्या बाईच्या महिन्याभराच्या पगाराएवढाही खर्च आला नाही. बाईंना पेन्शन आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात. तेवढ्यात स्टूल आणि वॉकर येतो.

कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. इतकी वर्षं झाली, तरी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडताना "तुमचा संडास कसा आहे?" हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारला जात नाही. सांधा उत्तम बसवतात आणि माणसाला पुन्हा त्याच शेवाळलेल्या परसात पाठवतात. याचा मला राग येतो. डिस्चार्जच्या आधी घरच्यांनी संडासाचा, न्हाणीघराचा आणि कॉटचा मोबाइलवर फोटो काढून आणायचा, एवढं झालं तरी पुष्कळ काही आधीच पकडता येईल.

सध्या

चौथ्या महिन्यात बाई काठीवर आल्या. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला सुरुवातीला वॉकरने ३१ सेकंद लागत, आता काठीने १७. बारा सेकंदांच्या वर म्हणजे पडण्याचा धोका अजून आहे, म्हणून बाजारात एकटीने जाणं थांबवलंय. बाई नाराज आहेत. बार्थेलचे गुण ६० वरून ९५ झाले. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तेल मावशींनी कॉटवर बसवून लावलं, तळवे सोडून, आणि न्हाणीघरात जायच्या आधी टिपून काढलं.

कृष्णेच्या पुराचा विचार वेगळा करावा लागला. २०१९ च्या पुरात गल्लीत पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात एक पिशवी भरलेली असते: गोळ्या, चिठ्ठ्या, उंचवटा, कपडे. नदी वाढायला लागली की बेळगावला जायचं, पाणी दारात यायची वाट पाहायची नाही, हे बाईंनी मुलीला कबूल केलंय.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात आहे. त्यानंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, खाली वाकणं नाही. ते दोन आठवडे मावशी संध्याकाळीही येतील, आणि डोळ्यात थेंब घालायचं काम वहिनींनी घेतलंय. डोळा स्थिरावला की दोन वेगळे चष्मे करायचे, चालायचा एक आणि वाचायचा एक. मग चालायचा चष्मा लावून कॉटपासून कोठीपर्यंत आणि न्हाणीघरापर्यंत पुन्हा तालीम घ्यायची आहे.